चकवा लावणारे विषाणू आणि माझी नोकरी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मूळची बार्शीची. पुण्यात माझी एक छोटी प्रयोगशाळा आहे आणि आमचं काम विषाणूंवर चालतं. कॉलेजांतली व्याख्यानं, लग्नाच्या पंगती, इंद्रायणीतली शेजारची सीट, ईमेल, सगळीकडून तेच पंधरा-वीस प्रश्न येतात. दर वेळी फोनवर टाइप करून अंगठा दुखायला लागला, म्हणून एकदाच बसून लिहून काढलं. ज्या प्रश्नावर बोलायला मला आवडतं तिथे उत्तर लांबलंय, बाकीचं दोन ओळींत गुंडाळलंय. तक्रार चालणार नाही.

तुम्ही डॉक्टर आहात ना? मग हा ताप कसला असेल?

डॉक्टर आहे, पण पीएचडीवाली. तापाचं तुमच्या फॅमिली डॉक्टरांना विचारा. मी माणसं तपासत नाही. विषाणू माणसाच्या पेशीत शिरल्यावर तिथल्या पहारेकऱ्यांना कसा गुंगारा देतो, एवढंच बघते. त्यातही एकच विषाणू आणि त्याची दोन-तीन प्रथिनं. माझ्या मामांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "आणि याचा पगार देतात?" देतात.

विषाणू प्रतिकारशक्तीला चकवतो म्हणजे नेमकं काय करतो?

माझा विषाणू सायटोमेगॅलोव्हायरस, लाडाने सीएमव्ही. नाव ऐकलं नसेल, पण भारतातल्या बहुतेक प्रौढांच्या अंगात तो आहे. तुमच्याही असेल, माझ्याही आहे. लहानपणी कधीतरी साध्या सर्दी-तापासारखा येतो आणि मग आयुष्यभर राहतो. धडधाकट माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही. किडनी किंवा बोन मॅरो बदललेल्या रुग्णाला मात्र तो छळतो. पोटातल्या बाळाला झाला तर जन्मतः बहिरेपण येऊ शकतं.

आता आपली पेशी डोळ्यांपुढे आणा. उन्हाळ्यात वाड्याच्या ओट्यावर वाळवण घालतात ना, तसं प्रत्येक पेशी आतमध्ये जी प्रथिनं शिजतात त्यांचे बारीक तुकडे आपल्या पृष्ठभागावर मांडून ठेवते. ज्या ताटलीत ती हे तुकडे मांडते तिला एमएचसी म्हणतात. रस्त्याने जाणारी टी-पेशी ओट्यावर नजर टाकते. नेहमीच्या कुरडया-पापड्या असतील तर पुढे जाते. ओळखीचं नाही असं काही दिसलं, म्हणजे आत विषाणूचा स्वयंपाक चाललाय, तर घरच पाडून टाकते. पेशी मेली की विषाणूचा कारखाना बंद.

सीएमव्ही काय करतो? ताटली ओट्यावर पोचूच देत नाही. त्याचं यूएस११ नावाचं प्रथिन आतल्या खोलीत नुकती घडलेली एमएचसी पकडतं, उलट्या दिशेने बाहेर ओढतं आणि पेशीच्याच कचरा-यंत्रात, म्हणजे प्रोटिओसोममध्ये ढकलतं. मिनिटाभरात खेळ खलास. यूएस२ हेच काम जरा वेगळ्या वाटेने करतं, यूएस३ ताटली आत अडवून ठेवतं आणि यूएस६ ताटलीत ठेवायचे तुकडेच येऊ देत नाही. एका कामाला चार-चार गडी.

पण ओटा अगदीच रिकामा दिसला तरी पंचाईत. गल्लीत दुसऱ्याही एका पहारेकऱ्याची फेरी असते, एनके पेशीची. तिला संशय येतो तो ओट्यावर काहीच नसेल तेव्हा. म्हणून सीएमव्ही यूएल१८ नावाची नकली ताटली बाहेर मांडतो, आणि यूएल४०च्या मदतीने 'घरात सगळं ठीक' अशी पाटीही लावतो. हे मी पहिल्यांदा एम.एस्सी.च्या वर्गात ऐकलं तेव्हा हसूच आलं. चोरी केली, वर दाराला तोरण.

हा एकच प्रकार झाला. इन्फ्लुएन्झाचं एनएस१ पेशीची धोक्याची घंटा वाजू देत नाही; ती घंटा म्हणजे इंटरफेरॉन, जो १९५७ साली लंडनमध्ये आयझॅक्स आणि लिंडेनमन यांना सापडला. एचआयव्हीचं विफ हे प्रथिन आपल्या पेशीतल्या अपोबेक३जी नावाच्या रखवालदाराची वाट लावतं; हे मायकेल मॅलिम यांच्या प्रयोगशाळेने २००२ मध्ये दाखवलं. प्रत्येक विषाणूची हातचलाखी वेगळी.

पण विषाणूला एवढी अक्कल कुठून आली?

अक्कल नाहीच. 'चकवतो', 'गुंगारा देतो', 'चोरतो' हे शब्द मी वापरते कारण त्यांच्याशिवाय मराठीत वाक्य पुढे सरकत नाही. रानात चकवा लागतो तेव्हा तिथे कुणी भूत बसलेलं नसतं, तरी माणूस गोल गोल फिरतोच. तसंच इथे.

उदाहरण ऑस्ट्रेलियाचं. तिथे सशांचा उच्छाद झाला म्हणून १९५० साली मिक्सोमा विषाणू मुद्दाम सोडला. सुरुवातीला शंभरातले नव्याण्णवहून जास्त ससे मरत. लोक घाबरले की हा माणसाला झाला तर? तेव्हा फ्रँक फेनर, मॅकफार्लेन बर्नेट आणि इयान क्लुनीज रॉस या तिघांनी तो स्वतःला टोचून घेतला आणि काही होत नाही हे दाखवलं. (आजच्या एथिक्स कमिटीसमोर हा अर्ज ठेवून बघा.) पुढे काही वर्षांतच फेनर यांना रानात मिळणारा विषाणू सौम्य झालेला दिसला. कारण साधं: ससा झटपट मेला तर डासांना त्याला चावून विषाणू पुढे न्यायला वेळ मिळत नाही. जो विषाणू सशाला काही आठवडे जगू देतो तोच पसरतो. ठरवलं कुणीच नाही, उरला तो उरला. सशांमध्येही जे टिकले त्यांची पिल्लं जास्त चिवट निघाली.

याच मिक्सोमात १९९१ साली कॅनडात ग्रँट मॅकफॅडन यांच्या गटाला एक प्रथिन सापडलं, जे टीएनएफ हा पेशींमधला धोक्याचा निरोप झेलणाऱ्या सशाच्याच रिसेप्टरसारखं दिसतं. पेशीने पाठवलेला टीएनएफचा निरोप ते वाटेतच गिळतं. पॉक्सव्हायरसांनी (मिक्सोमा, देवी यांचं खानदान) अशी कितीतरी जनुकं कधीकाळी यजमानाकडूनच उचललेली आहेत. आमच्याच घरातली भांडी, आमच्याच विरुद्ध.

हे पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं?

एक नाव सांगणं कठीण आहे. १९७४ साली कॅनबेरामध्ये रोल्फ झिंकरनागेल आणि पीटर डोहर्टी यांना उंदरांवर काम करताना कळलं की टी-पेशी नुसता विषाणू ओळखत नाही, तो आपल्या एमएचसीसोबत दिसला तरच ओळखते. १९९६चं नोबेल त्यासाठी. मग कुणालाही प्रश्न पडावा की विषाणू एमएचसीच लपवू शकत असेल का? १९८५ साली अडेनोव्हायरसच्या एका प्रथिनाबद्दल उत्तर आलं, हो.

१९८८ साली अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेत गिरीश कोटवाल आणि बर्नार्ड मॉस यांनी देवीच्या लशीच्या विषाणूत, म्हणजे व्हॅक्सिनियात, एक प्रथिन शोधलं. संसर्ग झालेल्या पेशी ते बाहेर सोडतात, आणि त्याची घडण आपल्या रक्तातल्या, जंतू मारणाऱ्या कॉम्प्लिमेंट यंत्रणेला आवर घालणाऱ्या प्रथिनांसारखी निघाली. खुद्द देवीच्या विषाणूतलं त्याचं भावंड म्हणजे स्पाइस. दोघांत फक्त ११ अमिनो आम्लांचा फरक, पण माणसाच्या कॉम्प्लिमेंटचा एक मोहरा निकामी करण्यात स्पाइस जवळजवळ शंभर पट जबर, असं २००२ मध्ये प्रसिद्ध झालं. त्या अकरांतली नेमकी कोणती कळीची, यावर आपल्या पुण्यात, गणेशखिंडीतल्या एनसीसीएस या पेशीविज्ञानाच्या राष्ट्रीय संस्थेत अरविंद साहू यांच्या प्रयोगशाळेने मोलाचं काम केलंय. त्यासाठी देवीचा विषाणू लागत नाही बरं का, तो जगात अधिकृतपणे दोनच ठिकाणी कुलूपबंद आहे. नुसतं प्रथिन बनवून काम भागतं.

आणि यूएस११ एमएचसीला कसं बाहेर ओढतं, हा शोध १९९६चा, एमआयटीमध्ये हिद्दे प्लूख यांच्या प्रयोगशाळेतला, इमॅन्युएल व्हिअर्ट्झ आणि सहकाऱ्यांचा. ही गोष्ट मला सगळ्यांत आवडते. बिघडलेलं प्रथिन आतल्या खोलीतून उलटं बाहेर काढून पेशी त्याचा निकाल लावते, ही आपल्या प्रत्येक पेशीतली रोजची सफाई. तिची वाट नीट दिसत नव्हती, कारण एरवी ती इतकी गुपचूप चालते. विषाणूने तीच वाट एकाच प्रथिनासाठी धडाधड वापरली आणि माणसांना ती दिसली. प्रोटिओसोम औषधाने बंद केला तर एमएचसीचा अर्धवट तुकडा, त्याची साखर निघालेली अशा अवस्थेत, पेशीच्या पाण्यात अडकून पडलेला सापडला. म्हणजे तो आतून बाहेर आला होता. मी विषाणू शिकायला गेले आणि पेशी शिकले, त्याचं कारण हे.

यात तुमचा स्वतःचा वाटा काय?

छोटा. माझ्या वाट्याला सीएमव्हीचं एक जनुक आलं, नावात नुसती अक्षरं आणि आकडे. मी ते विषाणूतून काढून टाकलं आणि बघत बसले की विषाणूचं काय बिघडतं. काही बिघडलं नाही. जनुक असलेला विषाणू आणि नसलेला विषाणू, दोन्हींच्या वाढीच्या रेषा आलेखावर एकमेकींवर अशा बसल्या की छापताना एकच दिसायची. पुन्हा केलं. पुन्हा तेच. सीएमव्ही आळशी आहे. पेशी वाढवायच्या ज्या प्लास्टिकच्या ताटलीत (ही एमएचसीची नव्हे, लॅबमधली खरी ताटली) चिकनगुनियाने मारलेल्या पेशींचे डाग दोन-तीन दिवसांत दिसतात तिथे याचे दिसायला दहा-बारा दिवस लागतात. त्यामुळे 'पुन्हा केलं' म्हणजे महिना गेला. अशी पावणेदोन वर्षं.

एका शुक्रवारी रडवेल्या तोंडाने आलेख घेऊन गाइडच्या खोलीत गेले. सरांनी कागद उभा-आडवा फिरवला आणि विचारलं, "अगं, ताटलीत त्याला पकडणारं आहे कोण?"

एवढंच. पण मग लख्ख झालं. ताटलीत नुसत्या पेशी होत्या, पहारेकरी नव्हतेच. ज्या घरात पोलीस कधी येत नाही तिथे चोराला मुखवटा कशाला? आमच्या क्षेत्रात ही जुनीच गोष्ट आहे. सीएमव्हीचा एडी१६९ नावाचा प्रयोगशाळेतला वाण वर्षानुवर्षं ताटल्यांमध्ये वाढवला गेला आणि त्यात डीएनएच्या सुमारे १५ हजार अक्षरांचा एक अख्खा तुकडा गळून गेला. त्यात एनके पेशींना चकवणारी जनुकं होती. कुणी बघत नाही म्हटल्यावर त्याने सोडून दिली. हे मी वाचलेलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं, पण माझ्या आलेखाशी जोडलं नव्हतं.

मग लॅबमधल्या चौघांनी रक्त दिलं, त्यातून एनके पेशी वेगळ्या केल्या आणि ताटलीत सोडल्या. त्या आठवड्यात दोन रेषा वेगळ्या झाल्या. माझ्या पीएचडीचं सार म्हणजे त्या दोन रेषांमधली फट. रक्त देणाऱ्या चौघांना मी चांदणी चौकात मिसळ खायला घातली. हा खर्च कुठल्याच ग्रँटमध्ये बसला नाही.

दिवसभर लॅबमध्ये काय चालतं?

पेशींची उस्तवारी. त्या ३७ अंशांवर इन्क्युबेटरमध्ये राहतात, गुलाबी मीडियम खातात, आणि मीडियम पिवळं पडलं की समजायचं, भुकेल्या आहेत किंवा कंटॅमिनेशन आहे. शनिवार-रविवार त्यांना कळत नाही. गणपतीतही कुणीतरी येऊन सेल्स स्प्लिट करून जातं, त्याचं वेळापत्रक फ्रिजवर चिकटवलेलं असतं.

प्लाक, म्हणजे विषाणूने पाडलेले डाग, मोजणं हे माझं आवडतं काम. सहा खळ्यांची प्लास्टिकची ताटली. तळाशी पेशींचा एक थर, त्यावर विषाणू पातळ करून घातलेला, वर अगरोजचा, म्हणजे जेलीसारखा, पातळ थर ओतलेला म्हणजे विषाणू लांब पळणार नाही. फार गरम ओतलं तर पेशी भाजतात, फार थंड तर गुठळ्या होतात. हाताच्या मनगटावर बाटली टेकवून कळतं, बाळाच्या दुधासारखं. दिवस भरले की थर काढून क्रिस्टल व्हायोलेट घालायचं. जिवंत पेशी जांभळ्या होतात आणि जिथे विषाणूने पेशी मारल्या तिथे पांढरे गोल डाग उरतात. ताटली नळाखाली धुऊन टिश्यूवर पालथी घालायची आणि स्केच पेनने एकेक डागावर टिंब देत मोजायचं. त्या दिवशी नखं जांभळी. आई म्हणते, "आज पुन्हा शाई सांडली का गं?"

या सगळ्याचा उपयोग काय?

सरळ उपयोग लशींचा. व्हॅक्सिनियाचा एमव्हीए नावाचा वाण कोंबडीच्या गर्भाच्या पेशींत ५००हून अधिक वेळा वाढवला गेला, जर्मनीत. एडी१६९चीच कथा: गरज नाही म्हणून चकव्याची कितीतरी जनुकं गळाली. उरला तो इतका निरुपद्रवी की माणसाच्या पेशीत धड वाढतही नाही, पण प्रतिकारशक्तीला ओळख मात्र नीट करून देतो. मंकीपॉक्सवर आज जी लस वापरतात ती यातूनच आली.

दुसरं उदाहरण उलटं. एकदा सीएमव्ही झालेल्या प्राण्याला पुन्हा सीएमव्ही होतो, आधीची प्रतिकारशक्ती असूनसुद्धा. का? २०१० साली अमेरिकेत माकडांवर दाखवलं गेलं की यूएस२ ते यूएस११ या पट्ट्यासारखी जनुकं काढली तर विषाणू दुसऱ्यांदा शिरूच शकत नाही. त्या माकडांच्या सीडी८ टी-पेशी, म्हणजे घर पाडणाऱ्या त्याच, काढल्या की पुन्हा शिरतो. याचा अर्थ ही चार गड्यांची टोळी पहिल्या संसर्गासाठी नाहीच मुळी, ती आहे पुन्हा पुन्हा घरात येण्यासाठी. सीएमव्हीची लस इतकी वर्षं का अडलीय, याचं एक उत्तर इथे आहे.

हा अभ्यास धोकादायक नाही का?

प्रश्न रास्त आहे, मी टाळत नाही. सीएमव्हीचं काम बीएसएल-२मध्ये, म्हणजे जैवसुरक्षेच्या चार पातळ्यांतल्या दुसरीत, चालतं: हूड, ग्लोव्हज, शिस्त. माकडताप म्हणजे केएफडी, जो सिंधुदुर्गात दोडामार्गकडे आणि गोव्यात सत्तरीत दिसतो, त्याचं काम याहून वरच्या पातळीवर. सगळ्यांत वरची बीएसएल-४ पाषाणला एनआयव्हीकडे, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्थेकडे आहे.

खरा धोका माहितीचा. २००१ साली कॅनबेरातल्या रॉन जॅक्सन आणि इयान रॅमशॉ यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांना उंदरांसाठी गर्भनिरोधक लस करायची होती, म्हणून उंदरांच्या देवीच्या विषाणूत त्यांनी आयएल-४ हे प्रतिकारशक्तीला निरोप देणारं, उंदराचंच जनुक घातलं. विषाणूने उंदरांच्या प्रतिकारशक्तीचा असा बोजवारा उडवला की जन्मतः चिवट जातीचे उंदीर मेले, लस दिलेल्यांतलेही बरेच मेले. कुणाचाच हेतू वाईट नव्हता. तेव्हापासून आमच्याकडे प्रयोग करण्याआधी बायोसेफ्टी कमिटीला विचारायचा पहिला प्रश्न 'जमेल का' हा नसतो. माझं मत विचाराल तर विषाणूला काहीतरी जास्तीचं देऊन बघण्यापेक्षा त्याच्याकडचं काढून बघावं. बहुतेक उत्तरं तशीच मिळतात. काही सहकारी याला भित्रेपणा म्हणतात.

मुलगी बारावीला आहे. या क्षेत्रात यायचं तर काय करावं? मेडिकलच हवं का?

मेडिकल असलं तर चांगलं, नसलं तरी अडत नाही. बी.एस्सी. मायक्रोबायॉलॉजी, बायोटेक, झूऑलॉजी, केमिस्ट्री काहीही चालेल. आयसर पुण्यासारख्या संस्थांत बारावीनंतरच प्रवेश मिळतो. पुणे विद्यापीठाची एम.एस्सी. व्हायरॉलॉजी एनआयव्हीमध्ये चालते, जागा मोजक्या. पुढे पीएचडीसाठी सीएसआयआर-यूजीसी नेट, डीबीटीची (केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग) जेआरएफ, म्हणजे संशोधन-शिष्यवृत्तीची परीक्षा, गेट, टीआयएफआर-एनसीबीएस वगैरेंची जीबिल्स. मी नेटमध्ये पहिल्यांदा आपटले, दुसऱ्यांदा पार झाले. दोन्ही वेळा आई तुळशीला पाणी घालत होती, त्यामुळे पाण्याचा संबंध सिद्ध होत नाही.

एक सल्ला फुकट: पोरीला गणित सोडू देऊ नका. आणि संस्थेचं नाव बघून गाइड निवडू देऊ नका. त्या लॅबमधून नुकत्याच बाहेर पडलेल्या विद्यार्थ्याला चहाला न्या आणि विचारा, रविवारी फोन येतो का, पेपरवर नाव कुणाचं पहिलं लागतं.

पीएचडीला किती वर्षं, आणि पैसे मिळतात का?

पाच ते सहा. सात झालेलेही पाहिलेत. जेआरएफला जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आणि घरभाडं, दोन वर्षांनी सीनियर, म्हणजे एसआरएफ झाल्यावर ४२,०००. कागदावर. प्रत्यक्षात पैसे चार-पाच महिने रखडून एकदम येतात, तेव्हा मेसवाल्या काकूंशी संबंध चांगले ठेवा.

परदेशी जावंच लागतं का?

जावंच असं नाही, पण आपल्याकडच्या निवड समित्या अजून तेच बघतात. मला हे पटत नाही. मी चार वर्षं नेदरलँड्समध्ये होते. तिथे जास्तीची हुशारी नव्हती. आज मागवलेली अँटिबॉडी परवा टेबलावर असायची, फरक तिथे पडतो. इकडे तीच कधी सहा आठवड्यांनी येते आणि कस्टम्समध्ये बर्फ वितळून गेलेला असतो.

स्वतःची लॅब कधी मिळते?

पस्तिशी उलटल्यावर, नशीब असेल तर. परतताना रामलिंगस्वामी फेलोशिप किंवा इंडिया अलायन्ससारखं काही हाताशी असेल तर दार लवकर उघडतं. मग ग्रँटचे अर्ज: डीबीटी, आयसीएमआर, पूर्वीचं एसईआरबी म्हणजे आताचं एएनआरएफ. माझ्या पहिल्या वर्षी मिळाली एक रिकामी खोली, तीन प्लग पॉइंट आणि सिंकला पाणी नाही. सहा महिने मी प्लंबर, इलेक्ट्रिशियन आणि स्टोअर्सच्या साहेबांमागे फिरले. विषाणूंपेक्षा स्टोअर्सला चकवणं अवघड.

तुमचं काम दुसऱ्याने आधी छापलं तर?

झालंय. पेपर पाठवायच्या तयारीत असताना सकाळी चहा पिताना पाहिलं, तेच जनुक, तोच निष्कर्ष, दुसऱ्या खंडातून. दोन दिवस जेवले नाही. मग वाचलं तर त्यांनी वेगळ्या पेशींत केलं होतं आणि आमचं त्यांच्याशी जुळत होतं. छोट्या जर्नलमध्ये छापला.

त्याहून वाईट दिवस म्हणजे दिवाळीतला. पाडव्याला उणे ८०चा फ्रीझर बंद पडला, जनरेटरवर तो जोडलेलाच नव्हता हे तेव्हा कळलं, आणि अलार्मचा एसएमएस ज्या नंबरवर जायचा तो माणूस निवृत्त होऊन वर्ष झालं होतं. संस्थेचं नाव सांगणार नाही. चार वर्षांचे स्टॉक पाणी झाले. काही वाण डच मित्रांनी पुन्हा पाठवले. आता प्रत्येक महत्त्वाची नळी दोन इमारतींत असते, आणि तो एसएमएस माझ्या नवऱ्याच्याही फोनवर येतो.

कोविडच्या काळात तुमची चैन झाली असेल ना?

फोन खूप आले, चैन नाही. त्या काळातला एक गोंधळ मात्र दूर करते. 'ओमायक्रॉन प्रतिकारशक्तीला चकवतो' असं बातम्यांत यायचं, ते खरं होतं; त्याच्या स्पाइकमध्ये ३०हून जास्त बदल होते आणि जुन्या बऱ्याच अँटिबॉडीजना तो नीट ओळखू येत नव्हता. पण हा वेषांतराचा प्रकार झाला. मी ज्यावर काम करते तो वेगळा: विषाणू आपलं रूप तेच ठेवून आपली यंत्रणाच बिघडवतो. कोविडच्या विषाणूकडे तेही आहे. त्याचं ओआरएफ६ नावाचं चिमुकलं प्रथिन पेशीच्या केंद्रकाच्या दारात बसतं आणि इंटरफेरॉनचा निरोप आत जाऊ देत नाही. मास्क लावून बँकेत शिरणं आणि बँकेचा अलार्म कापणं, दोन्ही चोऱ्याच, पण इलाज वेगळे.

प्रतिकारशक्ती वाढवायला कोणता काढा घ्यावा?

चवीला आवडेल तो. प्रतिकारशक्ती म्हणजे पाण्याची टाकी नव्हे, की भरली की झालं. ताप, अंगदुखी, ग्लानी यातलं बरंचसं विषाणूचं नसतंच, आपल्या इंटरफेरॉनचं आणि त्याच्या भावंडांचं असतं. ती 'वाढली' की तुम्ही अंथरुणात. लस घ्या, झोप घ्या.

विषाणूंकडे कशा वळलात? घरात कुणी आजारी होतं का?

मुलाखत घेणाऱ्यांना इथे आजीची गोष्ट हवी असते, आणि ती आहेसुद्धा. १९७३ साली बार्शीत चिकनगुनियाची मोठी साथ आली होती, विषाणूशास्त्राच्या पुस्तकांत आमच्या गावाचं नाव त्यामुळे आहे. आजी त्यात सापडली. मी तिला पाहिलं तेव्हा तिचे गुडघे कायमचे धरलेले. "त्या तापानं हाडं पिचली," म्हणायची. पण खरं सांगू? एम.एस्सी.ला व्हायरॉलॉजीचं स्पेशलायझेशन घेणाऱ्यांना होस्टेल आधी मिळत होतं. बार्शीहून आलेल्या पोरीला पुण्यात खोली मिळणं हा मोठा प्रश्न होता. साथीबद्दल मला पुस्तकातच पहिल्यांदा कळलं, बार्शी हा शब्द वाचून मी लायब्ररीत मोठ्याने "अय्या" म्हणाले, आणि त्या रात्री आजीला फोन करून विचारलं. तिने सांगितलं की तेव्हा घरातले सगळे एकाच वेळी पडले होते आणि म्हशीची धार काढायलाही कुणी उठत नव्हतं. चिकनगुनियाचं एनएसपी२ नावाचं प्रथिन पेशीचं कामकाजच बंद पाडतं, धोक्याची घंटा वाजवणारं जनुकही मग वाचलं जात नाही. हे मी तिला समजावलं तेव्हा ती म्हणाली, "मेल्याला दुसरं काम नाही."

लग्न, मुलं हे सगळं जमतं का?

हा प्रश्न माझ्या शेजारच्या लॅबच्या कुलकर्णी सरांना कधी विचारला का? विचारा, मग मी उत्तर देते.

शाळेच्या मुलांना लॅब बघायला आणता येईल का?

हो, आनंदाने. एका वेळी बारा मुलं, शुक्रवारी दुपारी तीननंतर, निदान तीन आठवडे आधी कळवून. विषाणूच्या खोलीत नेत नाही, काचेतून दिसते. बाहेरच्या खोलीत रंगवलेल्या, निर्जंतुक केलेल्या जुन्या ताटल्या ठेवलेल्या आहेत. प्रत्येकाला एक ताटली आणि एक स्केच पेन मिळतं, डाग मोजायचे. पेन परत द्यायचं. सँडल-चपला चालत नाहीत, पूर्ण बंद बूट हवेत. डबा बाहेर, कडुनिंबाखाली बाकं आहेत तिथे.